पाण्याने परत कुरळे होतील इतपतच: केस तात्पुरते सरळ करण्याचा नीट क्रम

स्ट्रेटनर फिरवताना 'चर्र' आवाज आला आणि वर वाफ दिसली, की मशीन मस्त तापलंय असं वाटतं. खरं तर त्या क्षणी केसाच्या आत अडकलेलं पाणी उकळत असतं. सगळ्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून उरलेली केसातच बुडबुडे करते. असा केस त्या दिवशी चकाकतो आणि काही दिवसांनी नेमका बुडबुड्याच्या जागी तुटतो. तोवर दोष शाम्पूला, टँकरच्या पाण्याला नाहीतर उशीच्या अभ्र्याला लागलेला असतो.

मुंबईत ही चूक सहज होते. हवा दमट, त्यामुळे केस मुळाशी लवकर वाळत नाहीत. आणि लोकल गाठायची, त्यामुळे थांबायला सवड नाही. दुसरी नेहमीची चूक नावांची. 'तात्पुरतंच आहे' असं ऐकून क्रीम लावून घेतलं जातं आणि सहा महिन्यांनी कळतं, की मुळाशी कुरळे आणि खाली सरळसोट असे दोन जातींचे केस एकाच डोक्यावर आहेत. म्हणून पहिली पायरी मशीनची नाही.

## १. आधी ओळखा: तुमचे केस सध्या नैसर्गिक आहेत का?

केसाचा आकार मुख्यतः त्याच्या आतल्या दोन प्रकारच्या बंधांवर, म्हणजे जोडांवर टिकतो. हायड्रोजन बंध कच्चे असतात. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की पुन्हा जुळतात. सुती साडीची इस्त्री पावसाळ्यात ज्या कारणाने मोडते, त्याच कारणाने सरळ केलेले केस फुलतात. डायसल्फाइड बंध पक्के. ते पाण्याने किंवा घरच्या मशीनच्या साध्या उष्णतेने हलत नाहीत, त्यांना रसायन लागतं. एकदा ते रसायनाने नव्या जागी जुळवले, की त्या केसाचं मूळ वळण कायमचं गेलं.

या हिशेबाने ब्लो-ड्राय, रोलर आणि स्ट्रेटनर हे खरे तात्पुरते उपाय. पुढच्या धुण्यात सगळं पूर्वपदावर येतं, म्हणून असे केस नैसर्गिकच धरायचे. रीबाँडिंग आणि रिलॅक्सर, म्हणजे रसायनाने केस सरळ करण्याचे प्रकार, कायमचे; त्यानंतर नैसर्गिक म्हणायची ती फक्त मुळाशी आलेली नवी वाढ. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ३० सेंटिमीटर नैसर्गिक केस परत हवे असतील तर दोन-अडीच वर्षं धीर धरावा लागतो.

मधल्या पट्ट्यात खरा घोळ आहे. केराटिन, 'हेअर बोटॉक्स', नॅनोप्लास्टिया असे पार्लरमधले प्रकार काही महिन्यांत उतरत जातात. (या 'बोटॉक्स'मध्ये सुरकुत्यांसाठी टोचतात ते औषध नसतं, नाव तेवढं उसनं.) पण उतरल्यावर वळण पूर्वीइतकंच परत येईल याची हमी नाही, कारण रसायनाबरोबर २०० अंश सेल्सिअसच्या वरची इस्त्रीही अनेकदा फिरलेली असते. आणि 'स्मूदनिंग' या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. एका पार्लरमध्ये ते केराटिनचं दुसरं नाव असतं, शेजारच्या पार्लरमध्ये थायोग्लायकोलेटचं क्रीम, म्हणजे रीबाँडिंगचीच सौम्य बहीण. नाव विचारू नका, आत काय आहे ते विचारा.

रंगाचं काय? रंगवलेल्या केसांचं वळण बहुधा नैसर्गिकच राहतं, पण पुढच्या रासायनिक कामासाठी ते 'कोरे' केस नव्हेत. शुद्ध मेंदी सहसा वळण मोडत नाही. 'काळी मेंदी' मात्र मेंदी कमी आणि रंगद्रव्य जास्त असा प्रकार असतो. ती लावली असेल तर पार्लरमध्ये 'काही नाही लावलं' असं सांगू नका.

पाण्याची परीक्षा. साध्या शाम्पूने केस धुवा. कंडिशनर नको, सीरम नको. मानेजवळची, माथ्यावरची आणि कानशिलाजवळची अशी एकेक बट मोकळी सोडून न विंचरता, पंखा न लावता वाळू द्या. आता प्रत्येक बटेत मुळाजवळचे ५ सेंटिमीटर आणि त्याखालचा भाग ताडून पाहा. दोन्हींचं वळण सारखं असेल तर केस नैसर्गिक. खालचा भाग मोकळा, सपाट किंवा काथ्यासारखा दिसला तर तिथे रसायन किंवा जास्तीची उष्णता आपलं काम करून गेलेली आहे. रसायनाला कधीच हात लावलेला नाही, तरी परीक्षेत नापास, असंही होतं. रोज स्ट्रेटनर फिरवणाऱ्यांच्या पुढच्या दोन बटा हमखास अशा सापडतात. त्या नावाला नैसर्गिक.

> थांबा: टाळूवर जखम, खाज, पुरळ किंवा ताजा कोंडा असेल, किंवा ओला केस हलकेच ताणल्यावर च्युइंग गमसारखा लांबत जाऊन तुटत असेल, तर पुढच्या पायऱ्या आज करू नका.

## २. सामान आणि विजेचा बोर्ड

- अंशांत आकडा दाखवणारं स्ट्रेटनर, साधारण २५ मिलिमीटर रुंद पट्ट्यांचं. फक्त 'लो-हाय' बटण असलेलं मशीन नेमकं किती तापलंय ते कळत नाही.
- तोंडाला चपटं नोझल असलेला ड्रायर.
- मोठ्या दातांचा कंगवा, शेपटीचा बारीक कंगवा, चपटा पॅडल ब्रश.
- चार मोठे क्लिप किंवा क्लचर.
- जुना सुती टी-शर्ट किंवा पंचा. जाड टॉवेल नको.
- उष्णतेपासून जपणारं स्प्रे किंवा क्रीम.

मशीन थंड असताना पट्ट्यांमध्ये कागदाची पट्टी धरून बंद करा आणि ओढा. एका टोकाला अडकते आणि दुसऱ्या टोकाला सुळकन निघते, असं असेल तर पट्ट्या नीट जुळत नाहीत. अशा मशीनने तीच बट चार वेळा दाबावी लागते. पट्टीवरचा थर खरवडला गेला असेल तर मशीन बाद करा. जुन्या सीरमचा तपकिरी कीट जमला असेल तर बंद, थंड मशीन स्पिरिटने किंचित ओलावलेल्या फडक्याने पुसा. तो कीट पुन्हा तापला की केसांना चिकटतो, आणि जळका वास येतो तो बऱ्याचदा त्याचाच.

आता बोर्ड. २००० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. तो पलंगाजवळच्या छोट्या, ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. गीझर किंवा एसीसाठी असतो तसा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो. स्ट्रेटनर फार वीज खात नाही, त्याला छोटा चालतो. अमेरिकेहून कुणी मशीन आणलं असेल तर खालचा छापील मजकूर वाचा: '१००–२४०' असेल तर लावा, नुसतं '१२०' असेल तर आपल्याकडच्या विजेवर ते जळेल, आणि प्लगला साधा ॲडॉप्टर लावून व्होल्टेज कमी होत नाही.

## ३. धुणं

तेल लावायचं असेल तर ते धुण्याआधी. खोबरेल केसात शिरतं आणि त्यामुळे धुताना केसातली प्रथिनं कमी जातात; हे २००३ साली मुंबईतल्याच संशोधकांनी दाखवलं. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे पुरे, तास-दोन तास आधी. मात्र धुतल्यावर तेलाचा अंश उरता कामा नये. 'थोडं तेल राहिलं तर केस जळणार नाहीत' हा समज घरोघरी आहे आणि तो उलटा आहे. तापत्या पट्टीखाली तेलही तापतं, आणि केस इस्त्री होण्याऐवजी तळले जातात.

शाम्पू दोनदा. पहिल्यांदा फेस कमी येतो, दुसऱ्यांदा नीट आला की तेल, घाम, कालचं सीरम गेलं असं समजा. पालिकेचं तलावाचं पाणी फारसं जड नसतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं बरेचदा असतं. नळाच्या तोंडावर पांढरा थर जमत असेल तर महिन्यातून एकदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा, शाम्पू वापरा. क्षारांचा थर बसलेले केस कितीही इस्त्री केली तरी खरखरीत राहतात आणि दोष मशीनवर जातो.

कंडिशनर कानाच्या खालच्या भागालाच, तीन मिनिटं. तो केसांवर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा, टोकांकडून वर जात. मग स्वच्छ धुवा. जड हेअर मास्क आज नको. केस लिबलिबीत होतात आणि मुळाशी चिकटून बसतात. हवाच असेल तर आठवडाभर आधी.

## ४. वाळवणं: सगळा निकाल इथेच लागतो

केस पिळू नका, घासू नका. टी-शर्टमध्ये गुंडाळून मुठीने दाबत जा, दहा मिनिटं तसेच राहू द्या.

मग जपणारं क्रीम किंवा स्प्रे, केस ओलसर असतानाच. बाटलीवर नुसतं 'सीरम' लिहिलंय म्हणून ते उष्णतेपासून जपतंच असं नाही. तसा उल्लेख शोधा, आणि घटकांत डायमेथिकोन, अमोडायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन किंवा पीव्हीपी यांपैकी काही आहे का ते पाहा. खांद्यापर्यंतच्या केसांना क्रीम दोन हरभऱ्यांएवढं. स्प्रे असेल तर प्रत्येक चौथाईला तीन-चार फवारे, वीतभर अंतरावरून. कंगवा फिरवून सारखं पसरा. याने इजा कमी होते, टळत नाही. स्प्रे मारलाय म्हणून तापमान वाढवायचं नाही.

बाथरूममध्ये ड्रायर लावू नका. आंघोळीनंतर घरात सर्वांत दमट जागा तीच, शिवाय ओली फरशी. पावसाळ्यात, जेव्हा हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा एसी असेल तर आधी तो लावून खोली कोरडी करा आणि तिथेच बसा. एसी नसेल तर पंख्याखाली बसा आणि अर्धा तास जास्त धरा.

पहिली फेरी बोटांनीच: केस हलवत, मध्यम उष्णतेवर, पाऊण भाग वाळेपर्यंत. मग नोझल लावा. केसांचे आठ भाग करा, एकेक भाग ब्रशवर ताणून धरा आणि मुळाकडून टोकाकडे वारा सोडा, कधीच उलटा नाही. उलट्या वाऱ्याने केसावरचे खवले उभे राहतात आणि दिवसभर पिंजारल्यासारखं दिसतं. ड्रायर १५ सेंटिमीटरवर, सतत हलता. कुरळ्या केसांत ताण महत्त्वाचा. उष्णता नंतरची गोष्ट. ब्लो-ड्रायने केस जितके सरळ होतील तितकं स्ट्रेटनर कमी तापवावं लागतं. ज्या या पायरीत वीस मिनिटं वाचवतात त्या पुढे तीच बट चार-चार वेळा भाजतात.

शेवटी थंड वारा. मग दहा मिनिटं काहीच करू नका.

तपासा. ड्रायर बंद केल्या केल्या केस कोरडेच वाटतात, कारण ते गरम असतात. थंड झाल्यावर मानेवरची, कानामागची आणि माथ्याच्या आतली बट उचला आणि पालथ्या हाताला किंवा वरच्या ओठाला लावा. गार लागली तर ती अजून ओलसर आहे. सुकताना पाणी गारवा देतं, माठासारखं. तिथे पुन्हा ड्रायर. ही चाचणी तिन्ही जागी पास झाल्याशिवाय स्ट्रेटनरचा प्लग लावायचा नाही.

## ५. तापमान ठरवा, भाग पाडा

एक केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवा. जवळजवळ जाणवलाच नाही तर बारीक. शिवणाच्या दोऱ्यासारखा लागला तर जाड.

- बारीक, रंगवलेले किंवा आधीच थकलेले केस: १४० ते १६० अंश.
- मध्यम: १६० ते १८०.
- जाड, घट्ट कुरळे, रसायन न लागलेले: १८० ते १९०.

घरी २०० च्या वर जायचं कारण नाही. मशीनवर २३० आकडा आहे म्हणून तो वापरायलाच हवा असं नाही. गाडीच्या मीटरवर १८० असतो, म्हणून घोडबंदर रोडला कुणी तेवढी पळवत नाही. सुरुवात तुमच्या गटातल्या सर्वांत कमी आकड्यापासून. मशीनचा दिवा स्थिर झाल्यावरही दोन मिनिटं द्या.

मधला भांग आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी रेघ असे चार भाग करून क्लिप लावा. सुरुवात मानेपासून. एका वेळी दीड सेंटिमीटर जाडीची ओळ सोडा, त्यातून पट्टीपेक्षा अरुंद बट घ्या. बटेखाली कंगवा धरला तर त्याचे दात केसांतून दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर बट जाड आहे: बाहेरचे केस भाजतील आणि आतले तसेच राहतील.

## ६. इस्त्री

पहिली बट मानेजवळची, आतली, कुणाला न दिसणारी. तिथेच तापमानाचा अंदाज घ्या.

शेपटीचा कंगवा मुळाशी घाला, त्याच्या लगेच मागे स्ट्रेटनर लावा आणि दोन्ही एकाच चालीने खाली आणा. कंगवा पुढे, मशीन मागे. केस पट्टीखाली येण्याआधी सुटे आणि ताणलेले असतात, म्हणून एकाच फेरीत काम होतं. टाळूपासून एक-दीड सेंटिमीटर सोडूनच पकडा. खांद्यापर्यंतच्या बटेला पाच ते सात सेकंद. वाटेत थांबायचं नाही, थांबलात की तिथे आडवी घडी पडते. पकड हलकी, कपड्याची क्रीज मोडत नाही आहोत. टोकाशी मनगट किंचित आत वळवा आणि तिथून लवकर सुटा, कारण टोकं हा केसाचा सर्वांत जुना, सर्वांत सोसलेला भाग.

एका बटेला एक फेरी, फार तर दोन. तरी सरळ झाली नाही तर आधी बट पातळ करा. तरीही नाही, तर १० अंश वाढवा. हा क्रम उलटा केला जातो, आणि कपाळाजवळच्या बटा जळतात त्या त्यामुळेच.

कपाळावरच्या आणि मानेवरच्या तान्ह्या केसांना पट्टी लावू नका. जुन्या टूथब्रशवर थेंबभर जेल घेऊन ते बसवा.

> ऐका आणि हुंगा: चर्र आवाज म्हणजे पाणी: मशीन खाली ठेवा, ड्रायर उचला. फिकट धूर, पण वास क्रीमचाच: क्रीम जास्त झालंय, पट्टी पुसून घ्या. जळलेल्या पिसासारखा वास: तो केसाचा आहे, तापमान लगेच २० अंश उतरवा.

## ७. थंड होऊ द्या

उष्णतेने सुटलेले बंध केस थंड होताना जुळतात, आणि तेव्हा केस जसे असतील तसा आकार बसतो. म्हणून शेवटच्या बटेनंतर पंधरा मिनिटं केस कानामागे अडकवायचे नाहीत, क्लचर लावायचा नाही, ओढणी किंवा हेल्मेट तर नाहीच. डोक्यातून घालायचा कुर्ता आधीच घालून घ्या, किंवा पुढून बटणं असलेला शर्ट घालून बसा. लग्नाच्या सकाळी हे हमखास विसरतं आणि ब्लाउज चढवताना मागचा सगळा भाग चुरगळतो.

थंड झाल्यावर सीरमचा एकच थेंब, तळहातावर चोळून, फक्त टोकांना.

गजरा माळायचा असेल तर आणखी एक. फुलवाल्या गजऱ्यावर पाणी शिंपडत असतात. तसाच मोकळ्या केसांवर लावला तर अर्ध्या तासात त्याच्या खाली अगदी गजऱ्याच्या आकाराची लाट येते. कोरड्या फडक्यात गुंडाळून पाणी टिपून घ्या, आणि शक्यतो अंबाड्याला माळा.

## ८. मुंबईच्या हवेत टिकवणं

डिसेंबर-जानेवारीत नीट केलेलं काम तीन-चार दिवस चालतं. जून ते सप्टेंबर एक दिवस मिळाला तरी पुष्कळ. जुलैत पूर्ण इस्त्री करून बाहेर पडण्यापेक्षा नुसता ब्लो-ड्राय आणि सैल अंबाडा हा शहाणपणाचा सौदा.

लोकलमध्ये दारातला वारा घेऊ नका. तो दमटच असतो. केस वर घेऊन क्लचरमध्ये सैल अडकवा आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर सोडा. घाम पहिला मानेवर येतो, म्हणून रुमाल मानेसाठी. पावसाळ्यात ग्लिसरीन असलेलं सीरम टाळा; ते हवेतलं पाणी ओढून आणतं. रात्री केस डोक्याभोवती एका दिशेने गुंडाळून त्यावर सॅटिनचा स्कार्फ, किंवा माथ्यावर कापडी बँडने सैल अंबाडा. वेणी नको.

दुसऱ्या दिवशी फुललेल्या बटांवर पुन्हा मशीन फिरवायचा मोह होतो. फिरवायचंच असेल तर फक्त चेहऱ्यालगतच्या दोन बटा, पहिल्या दिवसापेक्षा २० अंश कमी, आणि ओठाची चाचणी करून. घामाने किंवा शिंतोड्यांनी ओलसर झालेले केसही ओलेच.

## ९. धुतल्यावरची तपासणी

पुढच्या धुण्यानंतर पाण्याची परीक्षा पुन्हा. वळण पूर्वीसारखं आलं तर तुमची पद्धत बरोबर आहे. तरी दहा-पंधरा दिवसांतून एकदाच्या वर नको. एखादी बट सैल राहिली तर तिला आता इस्त्री बंद. उष्णतेने गेलेलं वळण मास्कने किंवा तेलाने परत येत नाही. नवी वाढ येऊ द्यायची आणि जुना भाग थोडा थोडा कापत जायचा.

## १०. पार्लरमधलं केराटिन घ्यायचंच असेल तर

क्रम इथेही तोच, फक्त चुकीची किंमत मोठी. बाटली हातात घ्या आणि मागचे घटक वाचा.

फॉर्मल्डिहाइड, फॉर्मालिन किंवा मिथिलीन ग्लायकॉल यांपैकी काही दिसलं तर सरळ नाही म्हणा. मिथिलीन ग्लायकॉल म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइडच. इस्त्रीखाली ते वायू होऊन बाहेर येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. मुंबईतल्या छोट्या, दार लावून एसी चालवणाऱ्या पार्लरमध्ये तो वायू जायला जागा नसते, आणि रोज तो हुंगणारी तिथली मुलगी तुमच्यापेक्षा जास्त सोसते. डोळे चुरचुरले, घसा धरला तर लाजू नका, उठून बाहेर या.

ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेली क्रीमं आता जास्त दिसतात. ती लावल्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. टाळूला क्रीम लागता कामा नये. मुळापासून किमान एक सेंटिमीटर सोडून लावायला सांगा. मूत्रपिंडाचा विकार, दमा, गरोदरपण किंवा अंगावर पाजणं असेल तर हा प्रकार नकोच. रंगवलेले केस याने एक-दोन छटा फिके किंवा पिवळट होतात, म्हणून आधी केराटिन, दोनेक आठवड्यांनी रंग.

सगळ्या डोक्याला लावण्याआधी मानेवरच्या एका बटेवर पूर्ण प्रक्रिया करून घ्या: क्रीम, वाळवणं, इस्त्री, धुणं. 'वेळ नाही' असं उत्तर आलं तर दुसरं पार्लर बघा. नंतर किती तास धुवायचं नाही ते त्या क्रीमवर अवलंबून असतं. अनेकांना ७२ तास लागतात, काही त्याच दिवशी धुतात. ७२ तासांचं असेल तर तीन दिवस बांधणं, घाम, जिम, पोहणं बंद, म्हणजे मे महिना आणि पावसाळा दोन्ही बाद. पुढे सल्फेट नसलेला शाम्पू. चार महिन्यांच्या आत पुन्हा नको.

उठण्याआधी बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो काढा, तारखेसकट ठेवून द्या. सहा महिन्यांनी कुणी 'आधी काय केलं होतं?' विचारलं, की 'स्मूदनिंग' असं मोघम सांगण्याऐवजी तो फोटो दाखवायचा.